न मोडलेली घडी

ब्राउनश्वाइग, ऑक्टोबर २००६

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालायची आज इच्छा नाही.

मी नि देवदत्त, दोघं बरे आहोत. तू दिवाळीला पाठवलेली साडी पोचली. शेंदरी इरकल, पदराच्या कोपऱ्यावर हळदीकुंकू. ते मीच लावलं होतं ताई, तुझ्या डोहाळजेवणाला ही साडी तुला देताना! इतक्या वर्षांत घडीसुद्धा मोडली नाहीस, आणि आता मलाच आहेर? कुणी दिली होती तेही विसरलीस?

शेवटी घडी मीच मोडली. कात्रीने.

पानगळ लागली की खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केलर खिडकीत मांडायला कापडी भोपळे शिवतात. त्यांनी शिकवलं. धावदोरा घालून चुण्या ओढायच्या, आत कापूस ठासायचा, देठाला दालचिनी. देवदत्त ओरडला, "अगं, साडी आहे ती!" म्हटलं, भ्रमाचा भोपळा तर फुटलाच, हे तरी शिवू दे.

आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर ती खरं सांगत नाही. तिला यातलं काही बोलू नकोस.

सोबत एक भोपळा पाठवतेय. हळदीकुंकवाचा कोपरा मुद्दाम दर्शनी बाजूला घेतलाय. आता हा कुणाच्या गळ्यात मारतेस, ते बघतेच.

तुझी, अजून तरी, बहीण
शमिका