पिवळ्या निशाणाची ब्लँकेटं

१२ मार्च १८५४, रविवार
धुकं! स्वतःच्या हातातली वल्ही दिसेनात. चर्चमधली रविवारची मिस्सा बुडवली, देव माफ करील — ईस्ट रिव्हरवर असं धुकं वर्षातून दोनदाच पडतं. मी आणि माझा धाकटा भाऊ कॉर्मॅक सकाळी आठलाच नदीत. वल्ह्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. मधल्या धारेत एक जहाज नांगरून होतं. कॉर्मॅक साखळीवरून वर चढला. डेकवर चिटपाखरू नाही. पहारेकरी नाही, कुत्रं नाही. चौदा लोकरीची ब्लँकेटं खाली सोडली. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं आम्हाला नदीतले चाचे म्हणतात. आज चाचेगिरी करताना चक्क कंटाळा आला.
"ताई, नशीब उघडलं गं!" — कॉर्मॅक.

१३ मार्च
दुपारपर्यंत सगळी ब्लँकेटं आमच्याच गल्लीत खपली. गिलफॉइल काकूंनी दोन नेली — त्यांची लेक डिम्पना बाळंतीण आहे. "चोरीचं आहे ना? मग उबदार असणारच," म्हणाल्या.

१५ मार्च
धुकं उठलं. त्या जहाजावर पिवळं निशाण — साथीच्या रोगाचं! धक्क्यावर सगळ्यांच्या तोंडी तेच — जहाजावर देवीची साथ, दोन खलाशी गेले. निशाण आधीपासूनच होतं. आम्हालाच दिसलं नाही.
मला लहानपणी देवी येऊन गेल्या. तोंडावर वण आहेत. कॉर्मॅकला नाही आल्या. सगळी ब्लँकेटं त्याने खांद्यावरून वाहिली. आज हात धूत बसला. बराच वेळ.

१६ मार्च
खरं सांगावं तर तुरुंग. म्हणून आधी चोरूनच परत आणायचं ठरवलं. वाळत घातलेली तीन उचलली. चौथ्याला गिलफॉइल काकूंनी पकडलं.
"एकदा विकलंस, आता परत चोरतेस? थोडी तरी लाज बाळग, नोरा!"
मग जिन्यातच उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. बाळ तेवढं रडत होतं. काकूंनी दोन्ही ब्लँकेटं माझ्या अंगावर फेकली आणि तोंडावर थुंकल्या. बरोबरच केलं.
चौदाच्या चौदा परसात जाळली. जळक्या लोकरीचा वास फार घाण.
डिम्पना म्हणाली, "बाळ तीन दिवस त्यातच होतं." एवढंच.

१७ मार्च, संत पॅट्रिकचा सण
बाहेर बँड वाजतोय. सगळ्या गल्लीला देवी टोचायला हव्यात. सरकारी डॉक्टर कारण विचारल्याशिवाय यायचा नाही, आणि कारण आम्हीच. कॉर्मॅकला म्हटलं, चल, दोघं जाऊन सांगू.
"आपल्या पायांनी तुरुंगात? वेड लागलंय का तुला?"
"आणि बाळाचं काय?"
तो खाली मान घालून धक्क्यावर गेला, होडी सोडली. वळूनही पाहिलं नाही. भित्रा! असला भाऊ असून नसून सारखा.
मी एकटी गेले.

१८ मार्च
डॉक्टर आला. बाळाला सगळ्यात आधी टोचलं. मला पोलीस घेऊन निघालेत. वही पोलक्यात.

२ एप्रिल
तुरुंगातलं सूप म्हणजे गरम पाणी, तेही कोमट. आज गिलफॉइल काकू भेटायला आल्या. पाव आणला होता.
"गल्लीत दोघांना आल्या. जगतील. बाळाला फोडसुद्धा नाही. आणि हे बघ, मी तुला माफ केलेलं नाही."
कॉर्मॅकचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

११ एप्रिल
त्या जहाजाच्या कप्तानाचं तुरुंगाच्या नावाने पत्र आलं. कारकुनाने वाचून दाखवलं. सतरा मार्चला एक माणूस होडीतून आपणहून जहाजावर आला. "मला लागण झालेलीच असणार. किनाऱ्यावर राहून लोकांना कशाला वाटू?" म्हणाला. आजारी खलाशांना पाणी पाजलं, त्यांचं गू-मूत काढलं. शेवटी स्वतः पडला. परवा गेला. नाव सांगितलं नाही. बहीण कबुली द्यायला गेलीय, तुरुंगात असेल — एवढंच बोलायचा.
कारकुनाने मेलेल्याचं नाव विचारलं. सांगितलं — कॉर्मॅक ट्वोमी.
"धंदा?"
"नावाडी."