अर्जातली गाडी

३ फेब्रुवारी, सकाळी ६
प्रार्थना झाली. मन शांत नाही. काल टेकडीच्या चढावर मेहुण्याने ओव्हरटेक केलं. वर गाडीला गाडी समांतर ठेवून काच खाली केली आणि विचारलं, भाऊजी, उतरून ढकलू का? ही खिडकीकडे तोंड करून बसली, पण खांदे हलत होते. मागे मुलगी उघडच हसली. हसल्याचं दुःख नाही. हसण्याच्या दर्जाची किळस येते.
गाडी बावीस वर्षांची. दोष तिचा नाही, आतल्या कॅमशाफ्टचा आहे. इंजिनाच्या झडपा कधी आणि किती उघडायच्या हे तो दांडा ठरवतो. आमचा दांडा कंपनीने भित्र्या माणसांसाठी बनवलेला. परफॉर्मन्सवाला बसवायचा. निश्चय.

४ फेब्रुवारी
मुलीची ड्रायव्हिंग टेस्ट २४ ला. औषध कंपनीत फिरतीची नोकरी लागली आहे, १६ मार्चपासून. लायसन्स नसेल तर नोकरी नाही. सगळा सराव आमच्याच गाडीवर झालाय. तिला टेस्टला सुधारलेली गाडी देणं हे बाप म्हणून कर्तव्य.
ही म्हणाली, अहो, आहे ती चालतेय ना. पोरीची टेस्ट होऊ दे, मग काय तो दांडा घाला. दूरदृष्टी नाही.

७ फेब्रुवारी
गॅरेजमध्ये. मेकॅनिक अण्णांनी विचारलं, गाडी जाते कुठे? म्हटलं, घर ते ऑफिस. किती जोरात? म्हटलं, वेळ आली तर जोरात. वेळ शेवटची कधी आली होती, असं विचारून ते हात पुसत राहिले. 
त्यांचं म्हणणं, मोठा कॅम वेगात पळतो, हळू चालताना दम सोडतो. रस्त्यावर चालवायची तर लहान घ्या, नाहीतर आहे तोच असू द्या. मोठा कॅम सिग्नलला थांबत नाही साहेब, सिग्नलला मरतो.
मागच्या फळीवर तेलकट फडक्यात गुंडाळलेले जुने दांडे ओळीने निजवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. लोकांचे काढलेले पार्ट टाकत नाही म्हणाले. भंगाराचं प्रेम. शिसारी आली.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
सकाळी ड्यूटीवर एका भाजीवाल्याला पकडलं. पारड्याखाली चुंबक. म्हणाला, साहेब, पुढच्या आठवड्यात नवा काटा आणणारच आहे. त्याला सुनावलं की उद्याच्या काट्याने आजची भाजी तोलता येत नाही. वीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. माणूस स्वतःलाच किती फसवतो, उबग येतो.
घरी येऊन कॅम कंपनीचा अर्ज भरला. अर्ज पाहून ते योग्य दांडा सुचवतात. वजन: कागदपत्रांत १०४० किलो. मी ८६० लिहिलं. मागची सीट काढायची आहे, स्टेपनी काढायची आहे, मी नऊ किलो कमी करणार आहे. खोटं नव्हे. पुढे खरं होणारच आहे.
वापर: रस्ता ३० टक्के, स्पर्धा ७०. इंजिनाचे फेरे: मिनिटाला साडेसहा हजार. सुई तीन हजारांपुढे गेलेली नाही, पण पुढे आकडे छापलेत ते कुणासाठी?
गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, उत्तर आधी ठरवून गणित सोडवू नये. गुरुजींकडे गाडी नव्हती.

१४ फेब्रुवारी
उत्तर आलं. तुम्ही वर्णन केलेल्या गाडीसाठी आमचा सर्वांत मोठा कॅम योग्य. घरच्यांना जमलं नाही, परक्यांनी ओळखलं.

१९ फेब्रुवारी
बसवला. मागची सीट काढणार आहे म्हटल्यावर अण्णांनी तीनदा विचारलं, नक्की? नवा दांडा रुळावा म्हणून नियमाप्रमाणे पहिली वीस मिनिटं इंजिन चढ्या आवाजात चालू ठेवलं. शेजारच्या शिंप्याने कपडे आत नेले.
आता गाडी उभ्या जागी थरथरते. ही शेजारी बसली आणि म्हणाली, हिला थंडी वाजतेय का? ताकद ओळखू न येणाऱ्यांचा वीट आलाय.

२१ फेब्रुवारी
मुलीचा सराव. अकरा वेळा बंद पडली. म्हणाली, बाबा, क्लच सोडला की मरते. म्हटलं, रेस दे. म्हणाली, रेस दिली की उडी मारते, मधलं काही नाहीच का? म्हटलं, मधलं सामान्यांसाठी असतं.
टेस्टला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी न्यायची म्हणाली. घरात अशी गाडी असताना? परवानगी दिली नाही.

२४ फेब्रुवारी, दुपारी
चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. तीनदा बंद पडली. चौथ्यांदा उडी मारून समोरचा खांब आडवा केला. परीक्षकाने विचारलं, गाडी कुणाची? मुलगी म्हणाली, वडिलांची. त्याने कागदावर लिहिलं, नापास. फेरपरीक्षा ६ मार्च. नोकरीआधीची शेवटची.
कोता माणूस. कागदापलीकडे पाहत नाही.
मुलगी रडली नाही. चावी टेबलावर ठेवून आत गेली. रडली असती तर समजूत घालायला मी तयार होतो.

२६ फेब्रुवारी
मुलीने माझ्यासमोर बसून तोच अर्ज पुन्हा भरायला घेतला. बाबा, गाडीचं वजन? म्हटलं, ८६०. तिने कागदपत्रं काढून १०४० लिहिलं. मग तुम्ही, आई आणि मी. तुमचं वजन किती? मी विचारलं, आजचं का? तिने नुसतं पाहिलं. आजचं सांगितलं.
वीस वर्षं लोक माझ्यापुढे असे उभे राहतात. पारड्याच्या या बाजूने जग निराळं दिसतं.
वापर: रस्ता शंभर टक्के. फेरे: अडीच हजार. शेवटचा रकाना, गाडी कोण चालवणार. मी सोडून दिला होता. तिने लिहिलं, मी.


१ मार्च
उत्तर आलं. एकच ओळ. मूळ कॅमशाफ्ट ठेवावा.

३ मार्च
अण्णांनी फळीवरून आमचा दांडा उतरवला. चिठ्ठीवर अण्णांचं अक्षर, तारीख १९ फेब्रुवारी: निरीक्षकसाहेब. मार्चपर्यंत ठेवणे.
हसले असते तर बरं वाटलं असतं. मागची सीट काढली का, एवढंच त्यांनी मला विचारलं.

६ मार्च
पास. चढावर थांबली, निघाली. खांब उभा. देवाचे आभार मानले. अण्णांचे राहून गेले.

१६ मार्च, सकाळी ८.१०, बस स्टॉप
मुलगी गाडी घेऊन कामावर. रोज लागणार म्हणाली. मला आठ-वीसची बस.
मोठा कॅम फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलाय. इथे उभा राहून त्याचाच विचार करत होतो. हॉर्न वाजला तेव्हा कळलं, आमचीच गाडी समोरून गेली. इंजिनाचा आवाजच आला नाही.