हंगामी सरकारला उदंड आयुष्य

झाओझेर्स्क, जून १९१७,
त्रैक्याच्या सणानंतरचा मंगळवार

माननीय मेव्हणे पोर्फिरी साव्विच यांना येव्हलांपी डीकनचा कमरेतून वाकून नमस्कार. (जमिनीपर्यंत वाकलो असतो, पण मध्ये पोट येते. शिवाय क्रांतीनंतर कोणी कोणापुढे इतके वाकायचे नाही असे आमच्या चौकात कोणीतरी भाषणात सांगितले आहे.) आपल्या गुडघ्याचे कसे आहे? आपल्या मिठाईच्या भट्टीचे? कोलोग्रीव्हमध्ये साखर मिळते का? इथे साखरेचे दर्शन नाही. चहाबरोबर आम्ही एकेक मनुका तोंडात धरून बसतो आणि आपल्या मधाच्या वड्यांच्या आठवणी काढतो. आपली भगिनी अग्राफेना ठणठणीत आहे, गायही ठणठणीत आहे. माझेही उत्तम चालले आहे, फक्त थोडा खोकला आहे. आता खोकल्याचा विषय निघालाच आहे तर सगळे पहिल्यापासूनच सांगतो, कारण हा खोकला साधा नाही. हा राजकीय खोकला आहे.

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. स्वतःच्या तोंडाने काय सांगायचे, पण फादरांच्या हाताखालचा गाणारा डीकन म्हणून उपासनेच्या शेवटी झारसाहेबांना 'उदंड आयुष्य' चिंतताना मी खालून, अगदी विहिरीच्या तळापासून सुरुवात करायचो आणि तिसऱ्या 'उदंड'ला पोचेपर्यंत वेदीजवळच्या दिव्याची काच वाजायला लागायची. लाकूडवाले व्यापारी त्यावर पैजा लावत. (काच फुटली ती एकदाच, आणि ती आधीच तडकलेली होती.) झारसाहेबांना मी कधी पाहिले नाही, त्यांनी मला पाहिले नाही, तरी वीस-बावीस वर्षे आमचे छान जमले होते. आणि मार्चमध्ये तार आली की झार नाहीत. म्हणजे आहेत, पण झार नाहीत. आता पुढच्या रविवारी त्यांच्या नावाच्या जागी काय म्हणायचे हे तारेत लिहायला सगळे विसरले. मी धावत आमच्या थोरल्या फादर सेराफिमांकडे गेलो. त्यांना ऐकू कमी येते, पण विचार चांगला करतात. बराच वेळ दाढी कुरवाळून म्हणाले, "येव्हलांपी, त्या जागी खोक."

"खोकू?"

"खोक. खोकण्याला कुठल्याच सरकारची हरकत नसते."

खोकलो. जिथे जिथे राजघराण्याचे नाव यायचे तिथे तिथे खोकलो, आणि तुम्हांला ठाऊक आहे की आपल्या उपासनेत ते घराणे किती वेळा येते. त्यात आजीबाई, मावश्या, राजपुत्र सगळेच आले. जनरलसाहेबांच्या विधवा बाईंना वाटले मी हुंदके देतो आहे, त्या मोठमोठ्याने रडायला लागल्या. कातडी कारखान्यातल्या कामगारांना वाटले मी क्रांतीची टिंगल करतो आहे. आणि म्हाताऱ्या बायकांना वाटले मला क्षय झाला. संध्याकाळपर्यंत आमच्या खिडकीत हंसाच्या चरबीच्या बरण्यांची रांग लागली. आपल्या भगिनीने ती चरबी मला छातीला चोळली, पाठीला चोळली, गरम दुधातून पाजली. (अजून दाढीला तो वास येतो. मांजर माझा पिच्छा सोडत नाही.) आणि गंमत पाहा, खोटा म्हणून सुरू केलेला खोकला पुढे खरोखरीचा होऊन राहिला. जिल्हा दवाखान्यातला कंपाउंडर घशात चमचा घालून म्हणाला, हा एक उन्हाळा गप्प बसा, नाहीतर पुढचे सगळे उन्हाळे गप्प बसाल. पण तो भलताच निराशावादी माणूस आहे, आणि गाय आजारी पडली तेव्हाही त्याने असेच काहीतरी सांगितले होते.

मग वरून आज्ञा आली की झारच्या जागी हंगामी सरकारसाठी प्रार्थना करावी आणि त्यालाच उदंड आयुष्य चिंतावे. मला हायसे वाटले. आनंदात तालीम करत होतो तोच दारात ग्लेब आर्काद्येविच हजर. हे आमचे पशुवैद्य, आता गावाच्या हंगामी समितीचे अध्यक्ष. पूर्वी घोड्यांचे दात तपासत, हल्ली त्यांच्याकडे धान्य, पोलीस, पूल आणि मानवजातीचे भवितव्य अशी खाती आहेत. माणूस सज्जन. पण काहीही विचारा, उत्तर एकच, की संविधान सभा भरेल तेव्हा ती ठरवील. शेतकऱ्यांनी जमिनीचे विचारले, संविधान सभा ठरवील. पुलाची फळी मोडली, त्यातून रात्री दोन बोकड नदीत गेले, तेही संविधान सभाच बघणार आहे. सार्वजनिक न्हाणीघरात बायकांचा वार शुक्रवार की शनिवार हा प्रश्न अजून तसाच लोंबकळतो आहे. बायका मात्र संविधान सभेसाठी थांबल्या नाहीत, त्या दोन्ही वारी जातात.

तर ग्लेब आर्काद्येविच टोपी हातात फिरवत म्हणाले, "डीकनसाहेब, तुम्ही आम्हांला उदंड म्हणजे साधारण किती आयुष्य चिंतणार आहात?"

"उदंड म्हणजे उदंड. मोजमाप नाही त्याला."

"तीच तर पंचाईत आहे हो! आम्ही लोकांना शपथेवर सांगितलंय की आम्ही तात्पुरते आहोत, सभा भरली की घरी. आणि तुम्ही काचा हलवून उदंड म्हटलंत तर लोक म्हणतील, बघा, बसले की खुर्चीला चिकटून! जरा बेताचं नाही का चिंतता येणार?"

म्हटले, बेताचे आयुष्य चिंतण्याचा मंत्र आपल्या धर्मात नाही. झाले, समितीची बैठक बसली, बैठकीने उपसमिती नेमली, उपसमितीत शिक्षकांनी ग्रीसच्या इतिहासापासून सुरुवात केली, आणि शेवटी ठराव झाला की शब्द उदंडच ठेवावेत, पण आवाज हंगामी ठेवावा. हंगामी आवाज म्हणजे कसा, हे विचारायला गेलो तर उपसमिती बरखास्त झालेली होती.

इथेच संपले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. दुसऱ्याच दिवशी आमच्या शिपाई-कामगारांच्या सोव्हिएतचे पुढारी येरेमेय कोपितोव आले. हे आघाडीवरून पायात गोळी घेऊन परतलेले, आवाज जवळजवळ माझ्या तोडीचा. गावात हल्ली समितीने पूर्व म्हटले की सोव्हिएत विचारते, कोणाला विचारून? बंदुका यांच्याकडे, शिक्के त्यांच्याकडे. कोपितोव बाकावर बसले, मनुका न विचारता उचलली आणि म्हणाले, "हे बघा बाबा, सरकारला आयुष्य चिंता, आमची ना नाही. पण आमचा पाठिंबा जितपत-तितपत आहे. जितपत ते जनतेचं काम करतील, तितपत. हे गाण्यात आलं पाहिजे."

"गाण्यात?"

"गाण्यातच. नाहीतर आमची पोरं दारात उभी राहून दुसरं गाणं म्हणतील, आणि ती पुष्कळ आहेत."

पोर्फिरी साव्विच, तुम्ही कल्पना करा. भरलेले देऊळ, मेणबत्त्या, धूप, मी खोल श्वास घेऊन विहिरीच्या तळाशी उतरलेलो, आणि वर येताना मला म्हणायचे आहे, 'हंगामी सरकारला, ते जितपत जनतेचे काम करील तितपत, उदंड आयुष्य!' 'जितपत'ला सूरच लागत नाही. तो शब्द हिशेबाचा आहे, गाण्याचा नाही. तरी म्हटले. त्याहून कठीण म्हणजे मी मंत्र्यांची नावे पाठ केली होती (आपली हौस, कोणी सांगितले नव्हते), आणि एकेक नाव आळवत असताना समोर पोस्टमास्तर लुक्यान फोमिच मान हलवायला लागले. मी युद्धमंत्र्यांना आयुष्य चिंततो, ते हाताने खूण करतात, गेले! मी परराष्ट्रमंत्र्यांकडे वळतो, तेही गेले! रात्रीच तार आली होती म्हणे. पुढच्या नावाला मी आधी पोस्टमास्तरांकडे पाहिले, त्यांनी खांदे उडवले, तेव्हा मी घाबरून परत खोकलो. दिव्याची काच जागची हलली नाही. सरकारचे दुःख मला त्या दिवशी कळले. ज्याला बसायला सांगितले आहे पण टेकायला सांगितलेले नाही, त्याचे कसे व्हायचे?

आणि मग माझेही तेच झाले. हल्ली सगळे निवडून येतात. अग्निशामक दलाने आपला नायक निवडला, शाळेतल्या मुलांनी मुख्याध्यापक निवडायला घेतले होते, ते कसेबसे थांबवले. मेच्या अखेरीस धर्मसभेत ठरले की डीकनही निवडून आलेला हवा. माझ्याविरुद्ध उभा राहिला व्हेनेदिक्त, आमच्या घंटावाल्याचा पुतण्या, पाद्री घडवणारी सेमिनरी अर्धवट सोडलेला, कुरळे केस, चिरका पण गोड आवाज, आणि 'जितपत-तितपत' असे गातो की पोरी माना वेळावतात. खोकत तर नाहीच. हरलो तर मला डीकनचा झगा सोडावा लागेल हे एक, पण डीकनचे घर, कोबीचा वाफा आणि गोठा हे सगळे पदाबरोबर आहे. दोन महिन्यांत, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या सणापर्यंत, घर रिकामे करून द्यावे लागेल. या घरात आपली भगिनी नवी नवरी म्हणून आली. गोठ्याचे दार तिने स्वतः रंगवलेले आहे. मी रात्री उठून त्या दाराकडे बघत बसतो, हे तिला माहीत नाही.

मतदान त्रैक्याच्या रविवारी देवळाच्या आवारात झाले. देवळात सगळीकडे बर्चच्या फांद्या, बाहेर दुधाचा मोठा कॅन फडके बांधून ठेवलेला. मी हवा असेन तर त्यात पांढरा घेवडा टाकायचा, व्हेनेदिक्त हवा असेल तर वाटाणा. ग्लेब आर्काद्येविचनी समजावून सांगितले की मतदान सर्वांचे, समान, थेट आणि गुप्त आहे, आणि बायकांनाही आहे. त्यावर एकच कल्लोळ झाला. हंसाच्या चरबीवाल्या बायका झाडून सगळ्या आल्या. पण गुप्त म्हटल्यावर त्यांतल्या निम्म्या घेवडा मुठीत गच्च धरून तशाच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी विचारले तर म्हणतात, गुप्त होतं ना, मग कॅनला तरी कशाला कळायला हवं? फादर सेराफिमांना वाटले कोणासाठी तरी बियाणे गोळा करताहेत, त्यांनी मूठभर राई टाकली. ती बाद ठरली.

मोजणी झाली. घेवडे आणि वाटाणे बरोबरीत! मी आणि आपली भगिनी अशी आमची दोन मते तर पक्की, तेव्हा बाकीच्यांत गद्दार कोण, यावर मी दोन रात्री डोके शिणवले आहे. संशय पोस्टमास्तरांवर आहे. काल मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि पोस्टातून निघताना दार जरा जोरात लावले. समितीने निर्णय दिला आहे की येत्या रविवारी शेवटचा निकाल लागेल. तोवर न सुटल्यास प्रश्न संविधान सभेकडे जाईल, आणि ती भरेपर्यंत आम्ही दोघेही हंगामी डीकन म्हणून एकाच घरात राहायचे. व्हेनेदिक्त काल येऊन पुढच्या खोलीची खिडकी मोजून गेला. जाताना म्हणाला, "काकू, पडदे असेच राहू द्या हं, मला आवडले." असो. देवाची इच्छा. मी कोणाकडे काही मागत नाही, मागणार नाही. आपला गुडघा लवकर बरा होवो, भट्टी कधी न विझो, एवढेच या घसा बसलेल्या माणसाचे मागणे, आणि ते मात्र कसलेही जितपत-तितपत न लावता.

आपला,
येव्हलांपी

ता. क. व्हेनेदिक्तला वाईट समजू नका. पोरगा बरा आहे. फक्त फार तरुण आहे.

ता. क. दुसरा. सहज आठवले म्हणून लिहितो. ग्लेब आर्काद्येविचनी देवळाची नोंदवही तपासली. ज्याला मतदानाचा दाणा अजून दिलेला नाही (मुठीत घरी नेलेले दाणे दिलेलेच धरले), जो आघाडीवर नाही आणि जिवंत आहे, असा त्यात एकच माणूस निघाला. तुम्ही कोलोग्रीव्हला गेलात तेव्हा तुमचे नाव खोडायचे राहून गेले होते. (देवाचीच योजना म्हणायची.) शनिवारची बोट संध्याकाळी इथे लागते. घेवडा घेऊन येण्याची गरज नाही, इथे पुष्कळ आहे. गुडघ्यासाठी चरबीही पुष्कळ आहे.

दादा, मी अग्राफेना. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय आणि स्वतः गोठ्याच्या दाराकडे बघायला गेलेत. (मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.) तर ऐक. पोस्टमास्तर बिचारे निर्दोष आहेत. तो वाटाणा माझा. रागावू नकोस. यांच्या रुमालावर दोनदा रक्त दिसलं, ते तुला लिहिलं नसणारच. कंपाउंडर म्हणाला ते सगळं खरं आहे, गायीच्या वेळीही त्याचंच खरं निघालं होतं. मी सांगून सांगून थकले, हे चरबी पितात आणि पुन्हा काचा हलवायला जातात. इतक्या वर्षांत आमटीत मीठ बरोबर आहे का, यापलीकडे मला कोणी काही विचारलेलं नाही. आणि त्या दिवशी एका हातात घेवडा, एका हातात वाटाणा, आणि सगळं गाव वाट बघत उभं! मला वाटलं एका वाटाण्यानं काय होतंय, निवडून तर येतीलच, जरा घाबरतील आणि उन्हाळाभर गप्प बसतील. मला काय माहीत एवढं अटीतटीचं होईल! मोजणी ऐकली आणि गोठ्यात जाऊन रडले. पण खरं सांगू, टाकताना फार बरं वाटलं होतं.

तर तू ये, आणि घेवडाच टाक. आवाज गेला तरी चालेल, पण या घराबाहेर हे जगायचे नाहीत. फक्त टाकण्याआधी सगळ्यांसमोर, कोपितोवांसमोर, मोठ्यानं अट घाल. म्हणावं, माझा पाठिंबा जितपत-तितपत आहे. जितपत हे शरद ऋतूपर्यंत नुसते ओठ हलवतील आणि व्हेनेदिक्त गाईल, तितपत. तसं झालं तर पुढची खोली त्या पोराला देऊ, पडदे त्याला आवडलेच आहेत. मधाच्या वड्या जास्त आण, घशाला चांगल्या असतात. आणि हा खालचा तुकडा फाडून भट्टीत टाक. मतदान गुप्त असतं.