ओट्याची उंची

ललित,

माहीमच्या तुझ्या घराची दुरुस्ती संपली. ज्या घरात मी सून म्हणून येणार होते, तिथं कंत्राटदार म्हणून आले. तुझ्या आईनंच बोलावलं.

स्वयंपाकाच्या ओट्याची उंची आम्ही घरच्या बाईच्या कोपरावरून ठरवतो. तुझी चारुता पुण्याहून मापाला आलीच नाही. मंगळ्या गवंडी म्हणाला, "बाय, मालकीण नाय तर तूच उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. त्यानं माझ्या कोपराखाली भिंतीवर खूण केली आणि कडाप्पा बसवला.

तिचं माप फोनवर विचारता आलं असतं. विचारलं नाही.

हे पत्र पाठवणार नाही, चाव्या पाठवते. ओटा तुझ्या बायकोला उंच पडला, तर पायाखाली पाट घे म्हणावं.

तुझी कंत्राटदार,
जागृती