कोमट म्हणजे किती

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तो मोठा कारखाना पाहून आलो. ताई, पेशी वाढवायची त्यांची टाकी तीन मजली आहे! शिडीने चढून काचेतून आत पाहिलं आणि माझी वाचाच बसली. तुझ्या नातीचं औषध आमच्या छोट्या कंपनीत पेशी सांभाळणाऱ्या काकू वर्षभर खपून जेवढं करतात, तेवढं तिथे एका खेपेत होईल. आज आम्ही एकोणीस मुलांना पुरे पडतो आणि रांगेत दोनशे आहेत. तेव्हा काम त्यांच्याकडे सोपवून आमची पेशींची खोली बंद करायचं ठरतंय. काकूंना निवृत्त व्हा म्हणायचं धैर्य मात्र अजून झालेलं नाही. कंपनी माझी, पण मी घाबरतो त्यांनाच.

पोरीचे गुडघे कसे आहेत ते सविस्तर लिही.

तुझा
धाकटा

९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वाचा बसली हे वाचून नवल वाटलं. लहानपणी आम्हाला ते कधी जमलं नाही. पोरीचे गुडघे छान वाकतात. दर पंधरा दिवसांनी सुई घेते, रडते आणि मग मलाच समजावते. पण औषध चुकलं की पाय आखडतात, हे तू जाणतोस, म्हणून स्पष्ट लिहिते. दोनशे मुलांचा प्रश्न आहे, काम खुशाल बाहेर दे. फक्त त्यांची पहिली खेप हातात पडेपर्यंत आपली खोली मोडू नकोस. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची घाई बरी नव्हे.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी
ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. खोली मे अखेरीसच बंद केली आणि त्यांच्या दोन्ही खेपा वाया गेल्या. पेशी भरमसाट वाढल्या, औषध मात्र थेंबभर नाही. साठा ऑगस्टच्या सुरुवातीला संपेल. पोरीचे डोस चुकणार.

चूक माझी आहे. कृती लिहून घेताना पाचव्या दिवसाचं काकू म्हणाल्या होत्या की मग कोमट होऊ द्यायचं. मी अतिशहाणा, कोमट म्हणजे अंगाइतकं, असं धरून सदतीस अंश लिहून मोकळा झालो. शेवटी काकूंनाच तिथे नेलं. त्यांनी पेशींच्या एका लहान भांड्याला तळवा लावला, बाहेरून गार पाणी सोडत राहिल्या आणि एका क्षणी थांबल्या. काटा एकतीसवर होता. तिथल्या इंजिनिअरांनी काटा झाकून पुन्हा पाच वेळा करायला लावलं. पाचही वेळा एकतीस. तेवढा गारवा मिळाला की पेशी वाढायचं सोडून औषध करायला लागतात म्हणे. वीस वर्षं मी त्या बाईंच्या शेजारी बसलो, ताई, आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मुख्य इंजिनिअरने त्यांना दर खेपेला यायची विनंती केली. काकू म्हणाल्या, “एकतीस लिहा की. माझा हात काय जन्मभर पुरणार आहे?” आणि माझ्या सदतीसवर त्यांनी स्वतःच्या पेनाने काट मारली.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
धाकटा

२८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच होते, म्हणून लिहिलं नाही. पोरीने जिना सोडला होता आणि तिला कडेवर घेताना माझ्या जिवाचं पाणी होत होतं.

मग नव्या टाकीतली कुपी आली. बोटाएवढी, आत पाण्यासारखं काहीतरी. एवढ्याशा पाण्यापायी केवढी टाकी, किती कोटी पेशी आणि एका बाईंचा तळवा, हे मनात येऊन मी कुपीकडे बघतच राहिले. शेवटी नर्सबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

काकूंना घरी बसवू नकोस. खोली उघड आणि पुढचं औषध तिथेच शोधा.

दुसरी सुई होऊन आठवडा झाला. आज हे पत्र टाकायला निघाले, तर पोर माझ्याआधी जिना उतरून फाटकाशी उभी आहे आणि खालून हाका मारते आहे. तेव्हा लोभाचं वगैरे तूच समजून घे, मी निघाले.

ताई