चुलीवरचे तास

४ मार्च

अर्ज गेला! मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. पेपरात होते तेव्हाही पान शेवटच्या घटकेलाच सोडायचे. नोकरी गेली, खोड राहिली.

हिमेना दुपारभर फोनवर. खाली मिराफ्लोरेसच्या श्रीमंत वस्तीतल्या संस्थेतली ही पोरगी निधीवाल्यांची भाषा जाणते, मी नाही. तिचा आग्रह एकच – पहिल्याच परिच्छेदात 'विनामोबदला श्रम' आलं पाहिजे. टेकडीवरच्या बायकांना डिजिटल कौशल्यं शिकवायला पैसे मिळतील, पण आज त्या कशात अडकल्यात ते आधी दिसायला हवं. मी म्हटलं, आमच्या कोमेदोरमध्ये, वस्तीच्या सामाईक स्वयंपाकघरात, जिचा वार असतो ती बाई सकाळपासून वस्तीसाठी स्वस्त जेवण रांधते हे खरं. पण जाताना घरच्यांसाठी पाच ताटं फुकट नेते. हिमेना म्हणाली, ताटं म्हणजे मोबदला नव्हे, सेन्योरा नेलिदा. त्यांच्या लेखी नव्हेच. शिवाय शब्दमर्यादा!

अर्जातून ताटं काढली. वाक्य उरलं: 'या स्त्रिया रोज सहा तास चुलीपाशी राबतात आणि त्यांना बदल्यात काहीही मिळत नाही.'

वाक्य म्हणून चांगलं आहे.

१९ मे

मिळालं! तीनशे अर्जांतून आमचा. फोर्तुनाताने कोंबडी घालून भात केला, जांभळ्या मक्याचं सरबत केलं. बावीस वर्षं ती कोमेदोरची अध्यक्ष आहे आणि मी तिच्या थोरलीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. म्हणाली, "कोमाद्रे, आता बटाटे आपले आपण सोलले जाणार तर! आपण नुसतं बटण दाबायचं." बायका हसून लोळल्या. करारावर तिने सही केली ती हात पुसून, मोठ्या अक्षरात.

६ जून

टॅबलेट आले. वर्ग कोमेदोरमध्येच, सकाळी दहाला – म्हणजे पातेल्यांना उकळी आलेली असते तेव्हा. ही वेळ कुणी ठरवली? बायका ओल्या हातांनी येऊन बसतात. पडद्याला त्यांची बोटं कळत नाहीत. वर्षानुवर्षं बटाटे आणि ब्लीच, बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. शिकवणारा मुलगा म्हणतो, हळुवार दाबा. फोर्तुनाता म्हणते, हळुवार दाबायची सवय नवऱ्याबरोबर गेली.

योवाना मात्र झपाट्याने शिकतेय. वर्गात सगळ्यांत पुढे. नवरा खाणीवर गेला तो गेलाच. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि तीन मुलं. आठवड्यात चार वार तीच घेते. बाकीच्या आपले वार तिला सोडतात. त्यावर कुणी काही बोलत नाही.

३ जुलै

आजपासून चूल बंद. प्रकल्पाचं पहिलं उद्दिष्ट: स्त्रियांचे चुलीवरचे तास निम्म्यावर आणणे. त्यासाठी प्रकल्पानेच ठेकेदार नेमला. पांढऱ्या गाडीतून फोमच्या डब्यांत जेवण येतं. किंमत पूर्वीचीच. बायकांनी शिकायला मोकळं व्हायचं.

सोमवार असून मसूर नाही! या शहरात सोमवारी मसूर होत नाहीत असं घर मी पाहिलेलं नाही. डब्यात फिक्या शेवया. वार नाही, म्हणून वाराची ताटंही नाहीत. हे माझ्या आज लक्षात आलं असं लिहिणार होते. खोटं लिहायला ही वही नाही.

१४ जुलै

योवानाला प्रमाणपत्र मिळालं, वर्गातली पहिली म्हणून. फोटो झाले. नंतर ती माझ्यापाशी आली, कागद पुढे धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "याला मीठ किती घालायचं, सेन्योरा नेलिदा?"

बायका हसल्या. ती हसली नाही.

आता ती पहाटे घाऊक बाजारात कांदे निवडायला जाते, तिथून थेट वर्गाला. दोन डबे विकत घेते. पाच माणसांत दोन. मोठ्या मुलीला खोकला धरलाय.

८ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतंय.

हिमेना आली होती, निधीवाल्यांचं कौतुक घेऊन. बिचारीला वाटलं माझा सन्मान करतेय. म्हणाली, निवड समितीला कशाने जिंकलं माहीत आहे? सेन्योरा नेलिदाच्या एका वाक्याने! आणि वाचून दाखवलं. राबतात, आणि त्यांना बदल्यात काहीही मिळत नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून योवानाचा आवाज आला – अगदी साधा, रस्ता विचारावा तसा: "काहीही नाही?"

हिमेनाला कळलं नाही. म्हणाली, हो ना, किती वाईट!

फोर्तुनाता माझ्याकडे बघत होती. मी टॅबलेटच्या तारा गोळा करायला लागले.

९ ऑगस्ट

फोर्तुनाता घरी आली. बसली नाही. ताटं तुला माहीत होती, म्हणाली. तू स्वतः जेवलीयस त्यातली, पेपरने काढलं त्या वर्षी. मी शब्दमर्यादा वगैरे सांगायला लागले. ती ऐकून घेत राहिली, ऑगस्टच्या धुकट थंडीत उभी, ओल्या शालीत. शेवटी एवढंच म्हणाली, "मग आणखी एक वाक्य लिही की. लिहिणं तुला जमतं."

२३ ऑगस्ट

निधीवाल्यांना लिहिलं होतं. चांगलं चार पानी. वाराची ताटं पुन्हा सुरू करू द्या, ती आमची जुनी रीत आहे, तिच्यावर एक घर जगतं.

उत्तर आलं. नम्र. स्त्रियांच्या श्रमाचा मोबदला अन्नाच्या रूपात देणं हे शोषण ठरतं, म्हणून समानतेच्या धोरणात बसत नाही. माझ्या तळमळीबद्दल आभार.

आणि यात चूक काय आहे? पेपरात असते तर मीच असा अग्रलेख लिहिला असता.

३० ऑगस्ट

तोडगा फोर्तुनातालाच सुचला! प्रकल्पात 'नवोपक्रम' नावाचं एक कलम आहे – बायकांनी स्वतःचं काहीतरी चित्रित करून जगापुढे मांडायचं. ती म्हणाली, मग रांधणंच दाखवू. वर्गात बसून रांधायचं. टॅबलेट समोर लावायचा. विचारलं तर, स्वयंपाक कुठे करतोय, चित्रीकरण करतोय! पालिकेचं तांदूळ-तेल अजून येतंच, कोठीत पडून असतं. आणि चित्रीकरण झाल्यावर ते जेवण काय समुद्रात टाकायचं?

हिमेना तर आनंदाने नाचलीच. म्हणाली, हेच तर हवं होतं!

योवानाने आज मसूर दाखवले. पाच ताटं घरी नेली. जाताना एक वाटी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

१८ सप्टेंबर

सहा तासांचं चित्रीकरण जसंच्या तसं वर चढवलं जातं. मी म्हटलं, कापून दहा मिनिटांचं करू, लोक तेवढंच बघतात. फोर्तुनाताला पटलं नाही. सगळं दाखवायचं – बटाटे सोलण्यापासून पातेली घासण्यापर्यंत. कापलं की लोकांना वाटतं जेवण झटपट होतं, म्हणाली. आणि माझ्याकडे बघून, "तुझ्या कात्रीने एकदा झालं तेवढं पुरे."

मी सहाही तास वर चढवले.

२६ सप्टेंबर

योवानाचा कांदेबाजार बंद. तिच्या मोठ्या मुलीचा खोकला कमी आहे. खालच्या वस्तीतल्या दोन बायका चित्रीकरणात घ्या म्हणून विचारून गेल्या.

११ ऑक्टोबर

बोगोताहून मूल्यमापन करणारी बाई आली. पन्नाशीची, शांत, पाय दुखत असताना पायऱ्या चढून वर आली. तिने सगळी चित्रीकरणं पाहिली होती. खरंच सगळी, तासन् तास. सांगितलं की सुंदर आहेत. मग वही उघडून म्हणाली, पण चुलीवरचे तास कमी झालेले नाहीत. दिवसाला सहा. पुरावा तुम्हीच पाठवलाय.

फोर्तुनाताने समजावलं – ते चित्रीकरण आहे. बाई म्हणाली, सेन्योरा, त्या चित्रीकरणात तुम्ही सहा तास रांधत आहात.

चूल बंद राहिली नाही तर करार मोडला. करार मोडला तर पहिला हप्ता परत करायचा, तो तर टॅबलेटांत आणि ठेकेदारात गेलाय. सही फोर्तुनाताची.

दुपारी आम्ही गॅसची नळी काढली. फोर्तुनाताने ती गुंडाळून कोठीत ठेवली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० ऑक्टोबर

ठेकेदाराची गाडी. शेवया.

१ नोव्हेंबर

आज मृतांचा सण. सगळी वस्ती कबरस्तानात, आपापल्या माणसांजवळ. फोर्तुनाता नवऱ्याच्या कबरीवर बिअर शिंपडत बसली होती. बँडवाल्याला त्याचं आवडतं गाणं वाजवायला लावलं. मला शेजारी जागा करून दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

करार मार्चमध्ये संपतो, म्हणाली, मग चूल पेटवू, आणि एकही परकं माणूस आत घेणार नाही. मी म्हटलं, तोवर मी वरच्यांना लिहिते, पेपरातल्या जुन्या ओळखी आहेत –

"नको, कोमाद्रे. तू लिहू नकोस."

रागाने नाही म्हणाली. पोराच्या हातून सुरी काढून घ्यावी तसं.

पलीकडे योवाना बापाच्या कबरीवरचं तण उपटत होती. मार्चचं तिने ऐकलं. म्हणाली, मार्च लांब आहे. आणि तण उपटत राहिली.

९ नोव्हेंबर

योवाना दुपारच्या बसने चिलीला गेली. सांतियागोत एका घरी राहून स्वयंपाक करायचा. काम तिने स्वतः शोधलं, वर्गात बसून, टॅबलेटवर. आई आणि मुलं फोर्तुनाताकडे आहेत. धाकटं अजून दूध पितं.

संध्याकाळी हिमेनाचा फोन. आवाजात आनंद. प्रकल्पातला हा पहिला रोजगार, अहवालात घालू ना? दुसरा हप्ता त्यावर सुटेल.

मी घाल म्हटलं.