हिरासिंगची गरमी

३ नोव्हेंबर
नवरोबांना, म्हणजे आमच्या हिरासिंगला, टीबी निघाला. दसऱ्याआधीपासून खोकतोय! गावच्या आशा सेविका बबितानं थुंकी तपासायची डबी हातात दिली म्हणून कळलं, नाहीतर सासूचे काढे चालूच होते. सहा महिने रोज गोळ्या. हिरासिंगनं अशी मान डोलावली की जणू डॉक्टर हाच.

४ नोव्हेंबर
पहिल्या गोळ्या घेतल्या आणि संध्याकाळी गोठ्यामागून बोंबलत आला — 'लाल झाली! माही लघवी लाल झाली!' अरे, बबिता सांगून गेली होती ना, गोळीनं होते म्हणून? तेव्हा साहेब मोबाईलात. मी सांगितलं तर म्हणे, 'तुले काय समजते?'

७ नोव्हेंबर
मला महिनाभर खाली खाज, दह्यासारखं पांढरं जातं. दवाखान्यातल्या बाईंनी तपासून बुरशी सांगितली, आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. त्या आज ह्याच्या हाती लागल्या. झालं — तपास पूर्ण! 'लघवी लाल, म्हंजे मले गरमी हाय. तुनंच देल्ली.' सासू रामीबाई लगेच कपाळ बडवायला हजर. बुरशी कुठे, गरमीसारखा गुप्तरोग कुठे! ह्यांना सांगायचं म्हणजे म्हशीपुढं पोथी.

८ नोव्हेंबर
गेला महागावला, त्या भोंदू डॉक्टर देवीलालकडे. पाटीवर 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज', आणि देवीलाल स्वतः दहावी नापास. न तपासता म्हणाला, जुनी गरमी आहे. एक सुई टोचली आणि टीबीच्या गोळ्या 'गरम पडतात' म्हणून बंद करायला लावल्या.

११ नोव्हेंबर
लघवी साफ झाली म्हणून तांडाभर नारळ वाटला. गोळी बंद केल्यावर दुसरं काय होणार, शहाण्या! खोकला मात्र तसाच.

१६ नोव्हेंबर
पुढच्या रविवारी तांड्याच्या नायकासमोर बैठक. मला फुलसावंगीला माहेरी धाडणार, कायमची. रडले. ह्या माणसासाठी रडले, ह्याचाच जास्त राग येतो.

१८ नोव्हेंबर
बबिता आली. टीबीवाल्याच्या घरातल्या सगळ्यांना तपासतात म्हणे. सासूनं दार लावून घेतलं. मी डबी भरून दिली. संध्याकाळी कणकण मलाही असते, अजून कोणाला बोलले नव्हते.

२३ नोव्हेंबर
कालपासून माझ्याही टीबीच्या गोळ्या सुरू. सकाळची लघवी बाटलीत भरली — लाल — आणि बैठकीत नायक पूनमसिंगच्या पुढ्यात ठेवली. बबितानं गोळीचं सगळं समजावून सांगितलं. हिरासिंग खोकतच होता.
'मंग तुले टीबी कोनं देल्ला, बाई?' नायकानं विचारलं.
चारचौघांत मी पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतलं.